डिझेल गाडीचे नोझल : बाटली ओतण्याआधी तपासणी करा

जालना जिल्ह्यात डिझेलवर पोट भरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. औद्योगिक वसाहतीतील लोखंडाच्या कारखान्यांत भंगार आणणारी आणि तयार सळई नेणारी वाहने, अंबड-घनसावंगीची मोसंबी बाजारात पोहोचविणारे पिकअप, परतूर-मंठा आणि भोकरदन-जाफ्राबाद मार्गांवरील प्रवासी जीपगाड्या, आणि या सर्वांना चालते ठेवणारी गॅरेजेस व पंप-नोझलची दुकाने, असा हा पसारा आहे. आमच्या वाचकांपैकीही बऱ्याच जणांची घरे याच धंद्यावर चालतात.

गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला, चढावर ओढ कमी झाली किंवा मागून काळा धूर निघू लागला, की गाडीमालकाला तीन सल्ले लगेच मिळतात. पंपाचा स्क्रू थोडा फिरवून घ्या, टाकीत अमुक कंपनीची बाटली ओता, नाही तर डिझेलमध्ये जरा रॉकेल मिसळा. चौथा सल्ला, म्हणजे नोझल काढून मशीनवर लावा, हा सर्वांत शेवटी येतो. कारण त्यात मजुरी लागते आणि गाडी एक दिवस उभी राहते. आमच्या मते हा चौथा सल्ला पहिला असायला हवा. त्यात गाडीमालकाचा फायदा आहे आणि गॅरेजवाल्याचाही. तो कसा, हे या लेखात हिशेबानिशी मांडत आहोत.

नोझल काय काम करते?

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. फवारा जितका बारीक आणि सारखा, तितके डिझेल पूर्ण जळते. फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडले, तर थेंबाचा आतला भाग जळत नाही. तेच काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे काळा धूर हे मालकाने पंपावर पैसे मोजून घेतलेले, पण कामी न आलेले डिझेलच असते.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. पण इंधन आत ढकलण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र जोडावे लागे. त्यामुळे ते इंजिन बरीच वर्षे कारखान्यांत आणि जहाजांवरच राहिले. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ साली इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा डिझेल इंजिनाला रस्त्यावर येण्याची वाट मिळाली. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली. आपल्या देशात १९५१ साली बंगलोर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मेकॅनिक मंडळींच्या तोंडची ‘मायको’, सुरू झाली. २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. म्हणजे ही वस्तू आपल्याच राज्यात बनते.

नोझलमधील सुई आणि तिचे घर यांच्यातील फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कामाच्या बारकाईची कल्पना यावी. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक नोझल मिनिटाला एक हजार वेळा उघडते आणि बंद होते. अशा वस्तूला पाण्याचा थेंब, गंज किंवा धुळीचा कण चालत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि फिल्टरखाली साठलेले पाणी सोडून देणे हा नोझलचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

जुन्या इंजिनाची तपासणी

मराठवाड्यात अनेक वर्षे चाललेल्या काळी-पिवळी जीप, टेम्पो ट्रॅक्स, तसेच १९९८ साली आलेली डिझेल इंडिका, या गाड्यांत पंप पूर्णपणे यांत्रिक पद्धतीचा असे. डिझेलचा दाब ठराविक आकड्याला पोहोचला की स्प्रिंग दबते, सुई उचलते आणि फवारा सुटतो. ट्रॅक्स व इंडिकासारख्या, पूर्वकक्ष असलेल्या इंजिनांत हा दाब साधारण १२० ते १५० बार असतो. डिझेल थेट पिस्टनवर सोडणाऱ्या इंजिनांत तो २०० बारच्या पुढे जातो. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो, आणि सेटिंग त्याप्रमाणेच करावी.

हातपंपाच्या साध्या टेस्टरवर नोझलच्या चार गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, नोझल किती दाबाला उघडते. दुसरी, त्या आकड्याच्या दहा-वीस बार खाली दाब धरून ठेवला असता दहा सेकंदांत टोकावर थेंब जमतो का. तिसरी, फवारा सरळ, सारखा आणि धुक्यासारखा पडतो का. चौथी, हँडल मारताना सुईचा करकर असा स्वच्छ आवाज येतो का. चारही गोष्टी ठीक असतील तर दोष नोझलमध्ये नाही. तो एअर फिल्टर, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा टर्बोमध्ये शोधावा.

स्प्रिंग वापरून वापरून ढिली पडते आणि दाबाचा आकडा उतरतो. मग नोझल लवकर उघडते, थेंब जाड पडतात आणि इंजिन ठोके देते. उपाय म्हणजे स्प्रिंगखाली पातळ शिम टाकणे. ०.०५ मिलिमीटरची शिम वाढविली की दाब सुमारे पाच-सहा बारने वर जातो. पण मर्यादेपेक्षा जास्त दाब ठेवणेही चूकच. नोझल उशिरा उघडते, ओढ कमी होते आणि पंपावर ताण येतो. सर्व नोझलांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एक १३०ला आणि दुसरे ११०ला उघडत असेल, तर इंजिन कधीच शांत चालणार नाही. बसविताना नोझलखालील तांब्याचा वॉशर नवा टाकावा. या दहा-वीस रुपयांच्या काटकसरीमुळे पुढे कॉम्प्रेशन गळते.

एक धोक्याची सूचना मेकॅनिक बंधूंना आणि विशेषतः शिकाऊ मुलांना. टेस्टरवरील फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते. वरून सुईने टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत मांस सडू लागते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने आत गेल्याचे स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

स्क्रू फिरविण्याचा मोह

पंपाचा सील तोडून डिझेलचा स्क्रू आत घेतला की गाडी लगेच जोरात पळते आणि मालक खूश होतो. परंतु इंजिनात हवा तेवढीच जाते, फक्त डिझेल वाढते. वाढलेले डिझेल जळायला हवा पुरत नाही. परिणामी धूर वाढतो, पिस्टनचे डोके तापते, इंजिन ऑइल लवकर काळे पडते आणि पीयूसी तपासणीत गाडी नापास होते. पंपाची मात्रा कॅलिब्रेशन मशीनवर, प्रत्येक नळीतील डिझेल मोजून लावण्याची गोष्ट आहे. ती कानाच्या अंदाजाने लावू नये. चांगल्या कारागिराचा कान महत्त्वाचा आहेच, पण दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी. मात्रा ठरविण्याचे काम मशीनचे.

नवी गाडी, नवी रीत

२००५ नंतर आपल्याकडील डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत झपाट्याने वाढली. २००७ साली आलेली डिझेल स्विफ्ट हे त्याचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण. यात एका जाड नळीत डिझेल सुमारे १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने साठविलेले असते आणि इंजेक्टर संगणकाच्या इशाऱ्यावर उघडतो. एकाच स्फोटासाठी डिझेल दोन-तीन हप्त्यांत सोडले जाते. त्यामुळे इंजिनाचा आवाज कमी झाला, पण शिम टाकून हाताने दाब लावण्याची जुनी सोय संपली.

येथे पहिली तपासणी परतीच्या डिझेलची. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक मोजपट्टीची बाटली लावायची आणि इंजिन काही मिनिटे चालवायचे. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुपटीने भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, तरी ती न करताच चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्याचा भुर्दंड मालकाला बसतो. बहुतेक इंजेक्टरवर अक्षरे-आकड्यांचा कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलल्यावर किंवा जागा बदलल्यावर तो स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरावा लागतो. तो न भरल्यास नवा इंजेक्टरही नीट काम करीत नाही.

जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर बंद आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर नळीचा नट सैल करण्याची पद्धत आहे. कॉमन रेल गाडीवर ही पद्धत कधीही वापरू नये. १,६०० बारची धार माणसाचा जीव घेऊ शकते.

बाटलीत काय असते?

आता डिझेलमध्ये ओतायच्या औषधांकडे वळू. सर्व बाटल्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांत साधारण तीन प्रकार आढळतात. एक, नोझलवरील काजळी धुणारे द्रव्य. दोन, डिझेल लवकर पेटावे म्हणून सीटेन वाढविणारे रसायन. तीन, वंगणाचे काम करणारे द्रव्य. तिन्हींना शास्त्रीय आधार आहे. प्रश्न गरजेचा आहे. एप्रिल २०२० पासून देशभर भारत-६ दर्जाचे डिझेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. १९९६ साली हीच मर्यादा ५,००० भाग होती. सीटेन किमान ५१ असावा लागतो आणि वंगणाच्या गुणाचीही मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे या गोष्टींची काळजी तेल कंपनीनेच घेतलेली असते. काजळी धुणारे द्रव्य थोडी साचलेली घाण काढू शकते. झिजलेली सुई किंवा ढिली स्प्रिंग ते दुरुस्त करू शकत नाही.

आता पैशांचा हिशेब पाहू. समजा, एक गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालते, अ‍ॅव्हरेज १५चा आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले. महिन्याला २०० लिटर, म्हणजे १८,००० रुपये लागतात. दर किलोमीटरला ६ रुपये. नोझल बिघडून अ‍ॅव्हरेज १३वर आला, तर सुमारे २३१ लिटर लागतील. महिन्याला जवळजवळ २,८०० रुपये जास्त. हा तोटा नोझल दुरुस्त होईपर्यंत दर महिन्याला होत राहतो.

समजा, मालकाने ३०० रुपयांची, ५० लिटरला पुरणारी बाटली घेतली. डिझेल लिटरमागे ६ रुपयांनी महाग झाले, म्हणजे ९६ रुपये. आता किलोमीटरचा खर्च पुन्हा ६ रुपयांवर राहण्यासाठी अ‍ॅव्हरेज १५चा १६ व्हायला हवा, आणि तोही दर महिन्याला. त्यानंतर जे वाढेल तो नफा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने आणि द्रव्ये तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीयरीत्या वाढविणारे त्यांत काही हाती लागले नाही, हे बाटली घेताना लक्षात असू द्यावे.

तरीही कोणाला प्रयोग करायचाच असेल तर तो रीतसर करावा. टाकी काठोकाठ भरावी, एकाच पंपावर, एकाच मशीनवर. टायरची हवा आणि माल सारखा ठेवावा. तीन टाक्या औषधाशिवाय, तीन टाक्या औषधासह आणि पुन्हा तीन टाक्या औषधाशिवाय चालवून वहीत आकडे लिहावेत. औषध काढल्यावर अ‍ॅव्हरेज पुन्हा उतरला तरच ते औषधाचे श्रेय. नाही तर ते रस्त्याचे, हवामानाचे किंवा ड्रायव्हरच्या सावध पायाचे समजावे. समृद्धी महामार्गावरील अ‍ॅव्हरेज आणि मंठ्याच्या आतल्या रस्त्यावरचा अ‍ॅव्हरेज यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही.

रॉकेलची किंमत

रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि त्यात वंगणाचा गुण कमी असतो. पंपातील आणि नोझलमधील भागांना वंगण डिझेलनेच मिळते. रॉकेल वाढले की ते भाग कोरडे घासतात. जुन्या पंपांनी हे काही काळ सोसले, कॉमन रेलचा पंप सोसत नाही. तो झिजला की धातूचा चुरा थेट सर्व इंजेक्टरांत जातो. याशिवाय हा कायद्याने गुन्हा आहे.

रेशनचे स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या दरातील फरकावर एकेकाळी मोठा काळा धंदा उभा होता. त्याची किंमत महाराष्ट्राने माणसाच्या जिवाने मोजली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळील पानेवाडी येथे भेसळीचा प्रकार पकडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. लिटरमागे चार पैसे वाचविण्यासाठी भेसळीचे डिझेल घेणारा गाहाकही त्या धंद्याला हातभार लावत असतो.

भेसळीची शंका आल्यास पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पंपावर नोंदविलेली घनता आणि तपासणीत आलेली घनता यांत तीन अंकांपेक्षा जास्त फरक असेल तर तक्रार करावी. पाच लिटरच्या मापाने मोजून दाखविण्याचीही मागणी करता येते.

खाद्यतेल, बायोडिझेल आणि जादूचे पाणी

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालते ही गोष्ट नवी नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. मग आज सरकी किंवा करंजाचे तेल सरळ टाकीत का ओतू नये? कारण हे तेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते. त्याचा बारीक फवारा होत नाही, नोझलच्या तोंडावर कोळसा धरतो आणि रिंगा चिकटतात. मिथेनॉल आणि कॉस्टिक यांच्या साहाय्याने तेलातील ग्लिसरीन वेगळे काढले की जे पातळ इंधन उरते ते बायोडिझेल. ते ठरलेल्या दर्जाचे असेल तर चालते, पण ते घरी बनविणे धोक्याचे आहे. मिथेनॉल विषारी आणि भडकणारे आहे. शिवाय धुण्यात कसूर राहिली तर मागे उरलेले पाणी आणि साबण पंपाची वाट लावतात.

मोगली एरंडाचा अनुभव शेतकऱ्यांना आठवत असेल. २००३ नंतर या झाडाचा देशभर गाजावाजा झाला. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरपूर बी येईल अशी आशा दाखविण्यात आली. प्रत्यक्षात पाण्याविना उतारा आलाच नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले आहे. त्यासाठी वापरलेल्या खाद्यतेलावर अधिक भर आहे. ऊसपट्ट्यातून येणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये चालले. डिझेलमध्ये मात्र ते नीट मिसळत नाही, पाण्याचा अंश आला की वेगळे होते आणि टाकीतील वाफ सहज पेट घेते. म्हणून कोणीही इथेनॉल किंवा पेट्रोल डिझेलच्या टाकीत ओतू नये.

फसवणुकीचाही इतिहास आहे. १९९६ साली तामिळनाडूच्या रामर पिल्लई याने वनस्पतीची पाने पाण्यात उकळून पेट्रोल बनविल्याचा दावा केला. देशभर त्याचे नाव झाले आणि लोकांनी पैसे गुंतविले. २०१६ साली न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. एखादा नवा पदार्थ घेऊन कोणी दारी आला तर त्याच्याकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. वाहनांच्या तपासणीसाठी पुण्यात एआरएआय ही संस्था आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र तर २०१८ पासून खुद्द जालन्यात आहे. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इंधनातील प्रयोग अशा ठिकाणी जाऊन करावेत. गिऱ्हाइकाची गाडी ही प्रयोगशाळा नाही.

गॅरेजवाल्यांसाठी दोन शब्द

डिझेल मोटारींचा बाजार पूर्वीसारखा राहिलेला नाही. मारुती कंपनीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल मोटारी बनविणे थांबविले. पण पिकअप, ट्रक, ट्रॅक्टर आणि रस्त्यावरच्या जुन्या डिझेल गाड्या अजून बरीच वर्षे कारागिरांना काम देतील. ते काम कोणाला मिळेल, हा प्रश्न आहे. आमच्या मते ते मोजून दाखविणाऱ्याला मिळेल.

यासाठी मोठे भांडवल नसेल तरी सुरुवात करता येते. हातपंपाचा चांगला टेस्टर, परतीच्या डिझेलच्या चार बाटल्या, एक स्कॅनर आणि धूळविरहित बंद खोली, एवढी पहिली पायरी. कॉमन रेलचे टेस्ट बेंच महाग आहे. तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घेतले तर त्याला कामही पुरेल आणि हप्ताही निघेल. तपासणीचे शुल्क वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे घ्यावे. प्रत्येक नोझलचा आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. दोष नसेल तर तसे सांगून फक्त तपासणीचे पैसे घ्यावेत. आज दोन हजारांचे काम गेले असे वाटेल, परंतु तोच गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येईल.

शिकाऊ मुलांना उस्तादांनी हाताच्या कसबाबरोबर वही ठेवण्याची सवयही लावावी. कोणत्या इंजिनाचा दाब किती, किती किलोमीटरवर नोझल उतरले, कोणत्या डिझेलने काय बिघडले, याच्या पाच वर्षांच्या नोंदी ज्या दुकानात असतील, त्या दुकानाला शहरात नाव कमवायला दुसऱ्या जाहिरातीची गरज पडणार नाही.